सड्यावरचे रणगाडे : नियम ठरवतानाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२४

रत्नागिरीत पाऊस अजून उसंत देत नाही. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गाडी काढायची सोय नाही, म्हणून आधी कागदाचं काम. दिवाळीच्या सुटीत रिमोटवरच्या रणगाड्यांची झुंज लावायची हे मे महिन्यातच ठरलं. गाड्या होत आल्यात, नियम मात्र कुणीच लिहिले नाहीत. ते माझ्या गळ्यात पडलं. माझं दुकान मोटर रिवायंडिंगचं, जळकं सामान बघण्यातच जन्म गेलेला, म्हणून.

चार गाड्या आहेत, खऱ्या रणगाड्यांच्या नमुन्यावर, सगळ्या १/१६ मापाच्या. माझी पीटी-७६, आयटीआयच्या पोरांची टी-५५, वेल्डिंगवाल्या तात्यांचा अख्खा पत्र्याचा सेंच्युरियन आणि मुंबईच्या भाच्याची शर्मन. शर्मन मूळची विकतची, आतलं सर्किट त्याने काढून स्वतःचं घातलंय.

नियम लिहायला घेताना माझी एक अट सगळ्यांना सांगून ठेवली. जो नियम सामन्याच्या दिवशी खळ्यात, सगळ्यांच्या देखत, काटा, टेप आणि मल्टिमीटर लावून तपासता येणार नाही, तो कागदावर चढणार नाही. 'गाडी सुरक्षित असावी' असलं काही लिहायचं नाही. 'अमुक ओढलं की दोन्ही पट्टे थांबले पाहिजेत' असं लिहायचं.

७ ऑगस्ट

पहिलाच वाद, मारायचं कशाने?

अमेरिकेत १/६ मापाचे मोठे रणगाडे घेऊन लोक खेळतात, ते पेंटबॉल मारतात. भाच्याने फोनवर व्हिडिओ दाखवले, आयटीआयची पोरं खूश. मी कागदावर आकडे मांडले. पेंटबॉल ०.६८ इंची, वजन साधारण ३ ग्रॅम. पेंटबॉलच्या मैदानांवर वेगाची मर्यादा सेकंदाला ३०० फूट, म्हणजे ९० मीटरच्या आसपास धरतात. हिशेब केला तर गोळी सुटताना तिच्यात १२ ज्यूल. म्हणून तिथे मास्क चढवल्याशिवाय मैदानात पाऊल टाकू देत नाहीत.

मग पोरं म्हणाली, "काका, मग सहा मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी तरी?" खेळण्यातल्या रणगाड्यांतून ती सुटते हे खरं. ०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला ५० मीटरने सुटली तर पाव ज्यूल. पेंटबॉलच्या मानाने काहीच नाही. पण डोळ्याला पाव ज्यूलही पुष्कळ होतो, आणि आपली जागा सडा आहे. जांभ्याचा कातळ वरून टणक, त्यात खड्डे, कंगोरे. गोळी आपटून कुठल्या कोनात उडेल याचा नेम नाही. जमिनीवर मारलेली गोळी बघणाऱ्या पोराच्या तोंडावर यायची. मास्क घातलेल्या ड्रायव्हरचं एक वेळ ठीक, पण वाडीतली पंधरा-वीस पोरं गोळा होणार, त्यांना चष्मे कुठून आणायचे? शिवाय तिथे गुरं चरतात. प्लास्टिकचे मणी गवतात पेरून ठेवायचे म्हणजे शेजाऱ्यांच्या शिव्या खायच्या.

म्हणून इन्फ्रारेड. तोफेत एलईडी, अंगावर सेन्सर, तोच आपला टीव्हीच्या रिमोटमधला प्रकार. तामिया कंपनीच्या १/१६ रणगाड्यांत हीच पद्धत आहे. हलकी गाडी तीन फटक्यांत बाद, मधली सहा, जड नऊ. तो हिशेब तसाच उचलला. पोरं जरा हिरमुसली, पण तात्या म्हणाले, "अरे, गोळ्या वेचत कोण बसणार संध्याकाळभर?" आणि विषय मिटला.

११ ऑगस्ट

वेग आणि वजन. इथे खऱ्या रणगाड्यांचे आकडे कामी आले.

माप १/१६ म्हणजे लांबी सोळा पट कमी. वजन मात्र तिन्ही बाजूंनी घटतं, १६ गुणिले १६ गुणिले १६ म्हणजे ४०९६ पट. पीटी-७६ मुळात साडेचौदा टनांची, मापात साडेतीन किलो. टी-५५ छत्तीस टनांची, मापात पावणेनऊ किलो. सेंच्युरियन पन्नास टनांच्या वर, मापात साडेबारा. तात्यांचा सेंच्युरियन भंगारवाल्याकडच्या काट्यावर ठेवला तर चौदा किलोच्या पुढे. नाराजी पत्करून वरची मर्यादा तेरा किलो केली. तात्या आतला एक पत्रा काढणार आहेत. काढताना जी बडबड केली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

वेगाचंही तसंच. टी-५५ रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर धावायची, सोळाने भागलं की सेकंदाला ८७ सेंटिमीटर. पीटी-७६ ताशी ४४, सेंच्युरियन ३५ च्या आत. नियम असा केला की खळ्यात पाच मीटरवर दोन चुन्याच्या रेघा मारायच्या. टी-५५ ने ते अंतर पावणेसहा सेकंदांच्या आत कापायचं नाही, पीटीने साडेसहाच्या आत नाही, सेंच्युरियनने सव्वाआठच्या आत नाही. मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं.

वेगाला एवढं का धरून बसलो, हे आयटीआयच्या पोरांनी विचारलं. गाडीचा आघात वजनाच्या पटीत वाढतो, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. वेग तिप्पट केला तर नडगीवर बसणारा फटका नऊपट. बारा किलोची पत्र्याची पेटी मुंगीच्या चालीने आली तर पाय बाजूला घेता येतो. तीच धावत आली तर घोटा सुजतो.

हलक्या गाडीवर अन्याय होतो, अशी तक्रार मीच केली, माझीच गाडी हलकी. पीटी-७६ चं चिलखत जाडीत जास्तीत जास्त वीसेक मिलिमीटर, टी-५५ चं पुढून शंभरच्या घरात. तरी नोव्हेंबर १९७१ मध्ये, आताच्या बांगलादेशातल्या गरीबपूरला, भारताच्या ४५ कॅव्हलरीच्या चौदा पीटी-७६ पाकिस्तानच्या शॅफी रणगाड्यांना पुरून उरल्या. तेव्हा पातळ कातडीवाल्याला काहीतरी सवलत हवी. हलक्या गाडीला दोन गोळ्यांमध्ये तीन सेकंद थांबायचं, मधलीला पाच, जडला आठ. आणि मागून बसलेला फटका दोन धरायचा, सगळ्यांना.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

सकाळी मिरकरवाड्याला गेलो होतो. मासेमारीबंदीचे दोन महिने संपून बोटी निघाल्यात, जेटीवर पाय ठेवायला जागा नाही. एका छोट्या होडीच्या आउटबोर्ड इंजिनचं वायरिंग बघायचं होतं. खलाशाच्या मनगटाला लाल पिळाची दोरी, तिचं दुसरं टोक इंजिनच्या बटणात अडकवलेलं. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढली जाते, क्लिप निघते, इंजिन बंद. होडी एकटी गोल गोल फिरून त्याच्याच अंगावर येत नाही.

हेच आपल्याला हवं. रणगाड्याच्या आत कुठेतरी स्विच असतो, तो शोधायला गाडी उलटी करावी लागते, आणि पट्टे फिरत असताना ती उलटी करणारा माणूस शहाणा नव्हे. म्हणून मुख्य वायर हलच्या, म्हणजे गाडीच्या धडाच्या, मागच्या बाजूला बाहेर काढायची, तिथे एक्सटी-६० चा जोड, आणि जोडाच्या दुसऱ्या तोंडात वळवून सोल्डर केलेला जाड तारेचा आकडा, हीच आमची 'लिंक'. त्याला लाल फीत. फीत ओढली की बॅटरी तुटली. इलेक्ट्रॉनिक्सवर भरवसा नाही, कोडवर नाही, तांब्यातच खंड पडतो. पोरांनी विचारलं, स्विच का नको? स्विचचे कॉन्टॅक्ट जास्त करंटला चिकटून बसतात, आणि खाऱ्या हवेत त्यांचं काय होतं ते माझ्या दुकानात येऊन बघावं.

तपासायची रीत : ज्याने ती गाडी कधी हाताळलेली नाही अशा माणसाला बोलवायचं आणि सांगायचं, बंद कर. तीन सेकंदांत बंद झाली पाहिजे. शेजारच्या काकूंना बोलावून माझ्या गाडीवर करून बघितलं. "हीच ना लाल शेपटी?" म्हणाल्या आणि ओढली.

२५ ऑगस्ट

आजचा दिवस फेलसेफचा, म्हणजे सिग्नल तुटला की गाडी आपोआप थांबण्याच्या सोयीचा. सगळ्यांत महत्त्वाचं काम हेच, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या सगळ्या रिमोट २.४ गिगाहर्ट्झच्या आहेत. ही पट्टी भारतात कमी ताकदीच्या यंत्रांना परवान्याशिवाय वापरता येते. भाच्याच्या शर्मनला मूळ २७ मेगाहर्ट्झची रिमोट होती, ती बाद केली. तशा दोन खेळण्यांना एकच रिमोट हलवते, मग कुठली गाडी कुणाची हेच कळत नाही. २.४ मध्ये रिमोट आणि रिसीव्हर एकमेकांशी बाइंड होतात, दुसऱ्याचं ऐकत नाहीत.

प्रश्न वेगळाच आहे. रिमोटची बॅटरी संपली, कुणी मध्ये उभा राहिला, सिग्नल तुटला, की गाडी काय करते?

रीत अशी. गाडी लाकडी पाटावर चढवायची, असा पाट की हल त्यावर टेकेल आणि दोन्ही पट्टे हवेत राहतील. अर्धा थ्रॉटल द्यायचा. पट्टे फिरायला लागले की रिमोटचं बटण बंद करायचं आणि मोजायचं. एका सेकंदात पट्टे थांबले पाहिजेत.

माझी थांबली. शर्मन थांबली. टी-५५ थांबेना. रिमोट पोराच्या हातात मेलेली आणि पट्टे शांतपणे फिरताहेत. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग एकाने हात घालायला पुढे केला, त्याला अडवलं आणि लाल फीत दाखवली. फीत ओढली तेव्हा थांबली.

कारण साधं होतं. काही रिसीव्हर सिग्नल तुटला की शेवटची आज्ञा तशीच धरून ठेवतात. विमानाला ते एखाद वेळी चालेल, रणगाड्याला नाही. पोरांच्या आर्डुइनोच्या (गाडीतल्या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या) कोडमध्ये पल्स आली नाही तर मोटर शून्य, अशी सोय होती, पण तिचा उपयोग झाला नाही. रिसीव्हर सिग्नल नसतानाही जुनीच पल्स स्वतः तयार करून देत होता. दर वीस मिलिसेकंदांनी एक, अगदी वक्तशीर. कोडला वाटतं सगळं आलबेल.

उपाय रिमोटच्या मेनूत. फेलसेफ चालू करायचं आणि त्या वेळी दोन्ही काड्या मधोमध ठेवून, म्हणजे १५०० मायक्रोसेकंदांवर, तीच स्थिती साठवायची. पोरांनी केलं, परत पाटावर चढवली, रिमोट बंद, पट्टे थांबले. मग त्यांना बॅटरी काढून, परत लावून, पुन्हा करायला लावलं. काही सेटिंग पॉवर गेली की विसरतात, ते आत्ताच कळलेलं बरं.

याच ओघात चालू-बंद करायचा क्रमही ठरला. आधी रिमोट चालू, मग गाडीची लिंक आत. बंद करताना आधी लिंक बाहेर, मग रिमोट. आणि लिंक आत घालताना गाडी पाटावर, कधीही जमिनीवर नाही. कधीही मांडीवर नाही, हे आयटीआयच्या धाकट्यासाठी वेगळं लिहिलं.

३ सप्टेंबर

गणपती चार दिवसांवर. मखराच्या लायटिंगची कामं, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. रणगाडे माळ्यावर.

१८ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी झाली. माळ्यावरून गाड्या उतरवल्या. पीटीच्या पितळी स्क्रूंवर हिरवट पूड, मोटरच्या टर्मिनलवर पांढरा थर. दोन आठवड्यांत! ब्रशने काढून, बोर्डावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात मारले (बहिणीची बाटली, तिला अजून माहीत नाही). मोकळे पितळी स्क्रू काढून स्टेनलेसचे घातले. नियमात एकच ओळ वाढली : जोड ओढून बघायचा, हिरवा दिसला की सामन्याबाहेर. हिरव्या जोडाचा रोध वाढतो, तो तापतो, आणि तापलेला एक्सटी-६० मऊ होऊन लिंकच निघेनाशी होते.

२२ सप्टेंबर

बॅटऱ्या. यावर भांडण होणार हे माहीत होतं.

माझ्याकडे दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी), ७.४ व्होल्ट, २२०० मिलिअँपिअर-तास. आयटीआयच्या पोरांनी जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून १८६५० मापाचे लिथियम सेल काढून स्वतः पॅक बांधलाय, वर सेलोटेप. तात्यांकडे यूपीएसमधली बारा व्होल्ट सात अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी, एकटीच दोन किलोंच्या वर. म्हणून त्यांची गाडी काट्यावर तेवढी बसली.

पोरांना दुकानात बसवलं. लिपोवर २५सी लिहिलेलं असतं म्हणजे काय? २.२ गुणिले २५, पंचावन्न अँपिअर ती देऊ शकते, निदान कंपनीचं म्हणणं तसं. तात्या वेल्डिंगला सत्तर-ऐंशी वापरतात. म्हणजे तुमच्या मांडीएवढ्या रणगाड्यात लहानसा वेल्डिंगचा सेट आहे आणि त्याच्याभोवती पत्र्याच्या धारा. वायरचं प्लास्टिक एका कडेवर घासलं की झालं.

फ्यूजचा प्रयोग टेबलावर करून दाखवला. फ्यूज मोटरसायकलच्या दुकानातला, पात्यांचा. तपकिरी साडेसातचा, लाल दहाचा, निळा पंधराचा, रंगावरून कळतं. लाल लावला, पुढे बारीक वायर, आणि पक्कडीने दोन्ही टोकं टेकवली. टक् एवढाच आवाज, खिडकीतून बघितलं तर आतली पट्टी तुटून दोन्ही टोकांना काळे मणी. वायर हाताला कोमटही नव्हती. मग विचारलं, फ्यूज मोटरपाशी लावला असता तर? थोरल्याने बरोबर सांगितलं, बॅटरी ते फ्यूज मधली वायर घासली तर फ्यूजला पत्ताच लागणार नाही. फ्यूज मोटरला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. म्हणून बॅटरीच्या प्लसपासून बोटभर अंतरावर. आमच्या मोटरचा पट्टा हाताने अडवून धरला तर सातच्या आसपास अँपिअर ओढते, दोन मोटरींचे चौदा, म्हणून निळा फ्यूज. त्याच्यावर कुणी जायचं नाही. टी-५५ मध्ये मोटरींना करंट पुरवणारी एल-२९८ चिप (मोटर ड्रायव्हर) आहे, ती एका मोटरला दोन अँपिअरची. निळा फ्यूज उडायच्या कितीतरी आधी ती भाजेल. ती बदलायला सांगितली.

लॅपटॉपच्या सेलना मी नाही म्हटलं नाही. परवडत नाही म्हणून पोरं ते वापरतात, आणि नाही म्हटलं तर लपवून वापरतील. पण अटी घातल्या. सेलना बॅलन्सची वायर असली पाहिजे, पूर्ण चार्ज करून आणायची आणि खळ्यात प्रत्येक सेल वेगळा मोजायचा. ४.२ च्या वर एकही नको, आणि दोन सेलमधला फरक ०.०५ व्होल्टच्या आत. पॅक कडक आवरणात, पत्र्याला कुठेही न टेकता. पोरांचा पॅक मोजला तेव्हा एक सेल ४.१८, दुसरा ३.९६. त्यांनीच तो बाजूला ठेवला, मला बोलावं लागलं नाही.

लिपो फुगलेली दिसली की संपली, ती टोचायची नाही, दाबायची नाही. सेल ३ व्होल्टच्या खाली उतरवायचा नाही. ठेवायच्या वेळी ३.८ वर. चार्ज करताना जेवढी क्षमता तेवढाच करंट, २२०० ला २.२ अँपिअर, आणि माणूस समोर बसलेला. माजघरात नाही, गवताच्या मांगरात तर अजिबात नाही. आमच्याकडे परसात जांभ्याचे चार चिरे रचून त्यात मातीचं मडकं ठेवलंय, चार्जिंग त्यात. शेजारी बादलीभर कोरडी वाळू. ती नदीची आणायची, वाळवून. समुद्राची वाळू खारट, कायम ओल धरून ठेवणारी. जळत्या लिथियम बॅटरीचा धूर विषारी असतो, त्यात हायड्रोजन फ्लोराइड असतं, म्हणून वाळू ओतायची आणि धूर जातो त्याच्या उलट बाजूला व्हायचं. बॅटरी वाचवायला कुणी धावायचं नाही.

६ ऑक्टोबर

पाऊस उघडला तसं ऊन जबरी. सड्यावर पहिल्यांदा तोफा तपासल्या.

सेन्सर टीएसओपी-१७३८, म्हणजे ३८ किलोहर्ट्झवर थरथरणारा इन्फ्रारेड प्रकाश ओळखणारा. तोफेत ९४० नॅनोमीटरचा एलईडी, पुढे वीस मिलिमीटरच्या वायरिंगच्या पाइपात भिंग बसवून झोत अरुंद केलेला. पडवीत पंधरा मीटरवरून फटका लागत होता. सड्यावर दुपारी चार मीटरही धड नाही. उन्हात इन्फ्रारेड भरपूर, त्यात सेन्सरची संवेदनशीलता पडते. सेन्सरवर काळ्या नळीची टोपी घातली, थोडं सुधारलं. सामना साडेचारनंतर, आंब्याच्या कलमांच्या सावलीत, असं ठरलं.

आणखी एक, ३८ किलोहर्ट्झ सलग सोडत राहिलं तर हा सेन्सर त्याला गोंगाट समजतो आणि दाबून टाकतो. तुकड्या-तुकड्यांत सोडावं लागतं, मधे श्वास देऊन. तात्यांची तोफ 'लागत नाही' त्याचं कारण हेच निघालं. एलईडी लागतोय की नाही ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघायचं, डोळ्याला दिसत नाही तो फोनवर जांभळट दिसतो.

भाच्याने नेम धरायला तोफेवर हिरवा लेझर लावून आणला होता, जत्रेतला. तो तिथेच काढायला लावला. "मामा, पाच मिलिवॉट लिहिलंय बघ." लिहिलंय, पण या स्वस्तातल्या पेनांतून किती निघतं ते मोजायचं साधन आपल्याकडे नाही, आणि अशा हिरव्या लेझरमध्ये बहुतेक वेळा मुळात इन्फ्रारेड लेझरच असतो. त्याचा फिल्टर नसला तर न दिसणारा प्रकाशही बाहेर पडतो. डोळा दिपलाच नाही तर मिटणार कसा? आपल्याला तपासता येत नाही, म्हणून मर्यादा घालण्याचा प्रश्न नाही. लेझर सरसकट बंद. भाचा दिवसभर फुगून होता.

१२ ऑक्टोबर, दसरा

हत्यारांच्या पूजेत या वेळी चार रणगाडेही. आईने प्रत्येकावर झेंडूचं फूल ठेवलं. तात्यांच्या गाडीची लिंक आतच राहिली होती, कुणीतरी रिमोटला हात लावला आणि फूल स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकात, जाऊन पट्ट्याखालून भुगा होऊन बाहेर आलं. सगळे हसले. मग बोटाचं काय झालं असतं यावर कुणी हसलं नाही. संध्याकाळी नियम वाढला : स्प्रॉकेटवर पत्र्याची किंवा प्लास्टिकची झाकण-पट्टी, दांडी आत सरकवून बघायची, दाताला लागता कामा नये. दांडी म्हणून आठ मिलिमीटरची पेन्सिल धरली, लहान पोराच्या बोटाच्या आसपास. ओढण्या, सुटे केस, गळ्यातल्या माळा : गाडी पाटावर असताना वाकणाऱ्याने आधी आवरून घ्यायचं.

२० ऑक्टोबर

सराव सामना. तात्यांचा सेंच्युरियन कलमांच्या मधून डुलत आला, आणि एकही तोफ त्याच्याकडे वळलेली नसताना फटके मोजत मोजत नवव्याला बाद झाला. तात्या भडकले. सगळे इकडे-तिकडे बघतात. गडग्यावर भाचा बसलेला, हातात घरचा टीव्हीचा रिमोट.

म्हणे, "तात्या, तुमच्या गाडीला कुणीही मारू शकतं, ते दाखवलं."

पोरगं आगाऊ आहे, पण बरोबर होतं. टीव्हीचे बरेच रिमोटही ३८ किलोहर्ट्झवरच चालतात. तात्यांच्या सर्किटने कोड बघितलाच नव्हता, जे थरथरलं ते मोजलं. आता प्रत्येक गाडी आपला क्रमांक पाठवते, आणि समोरची गाडी तो ओळखूनच फटका धरते. स्वतःचा क्रमांक धरत नाही. चुना मारलेल्या भिंतीवरून आपलाच झोत परत येऊन आपण बाद होण्याचा प्रकार माझ्याच गाडीच्या बाबतीत पडवीत झाला होता. तपासणीत टीव्हीचा रिमोट हे अधिकृत साधन म्हणून लिहिलं. समोर धरून दहा वेळा दाबायचा, एकही फटका चढता कामा नये.

तात्या आणि भाचा संध्याकाळपर्यंत एकत्र बसून कोड लिहीत होते.

२ नोव्हेंबर, पाडवा

सामना झाला. पंच शाळेतले निवृत्त कवायतीचे सर, शिट्टी त्यांचीच. मैदान कलमांच्या मधली मोकळी जागा, बारा मीटर गुणिले आठ, चारही बाजूंनी सुंभाची दोरी, बघणारे दोरीपासून तीन पावलं मागे. ड्रायव्हर सगळे एका बाजूला उभे, म्हणजे कुणाच्या अंगाने कुणाचा सिग्नल अडत नाही आणि सरांना सगळे हात दिसतात.

तपासणीला झुंजीपेक्षा जास्त वेळ गेला, आणि लोकांना ती जास्त आवडली असं मला वाटतं. काकू लाल शेपट्या ओढत होत्या. पाटावर गाडी, रिमोट बंद, पोरं एकसुरात "एक!" म्हणायची आणि पट्टे थांबले की टाळ्या. टी-५५ पाच मीटर साडेपाच सेकंदांत गेली, जास्त जोरात. पोरांनी रिमोटवर थ्रॉटलची कमाल मर्यादा खाली आणली, दुसऱ्यांदा सहा सेकंद. सेंच्युरियनचं वजन बारा किलो नऊशे. तात्यांनी काट्याकडे बोट दाखवून माझ्याकडे बघितलं.

झुंजीत एकदा शर्मनचा पट्टा उतरला. तो बसवायला भाचा दोरीखालून आत शिरणार, तेवढ्यात सरांची शिट्टी. पाय आत टाकायचा तर आधी सगळ्या रिमोट टेबलावर आणि सगळ्या लिंक बाहेर, हा नियम. गाड्या मैदानात असताना लिंक ओढायला एकच माणूस जातो, सर स्वतः. तेवढ्याने खेळ दोन-तीन मिनिटं अडला, कुणी कुरकुरलं नाही. पट्टा बसला, गाडी पाटावर, लिंक आत, पुन्हा शिट्टी.

जिंकली टी-५५. माझी पीटी दुसऱ्या फेरीत मागून फटका खाऊन गेली, दोनाचा हिशेब माझाच.

१० नोव्हेंबर

बॅटऱ्या ३.८ वर आणून मडक्यात. गाड्या पुसून, पट्टे सैल करून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यांत.

नवीन कटकट. खरी पीटी-७६ पाण्यात तरंगते, मागे पाण्याचे दोन जेट असतात, हे भाच्याने वाचलंय, आणि त्याला माझी गाडी तळीत उतरवायची आहे. मी नाही म्हटलं नाही. अटी लिहून दिल्या. पहिल्या चाचणीत बॅटरी नाही, तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी. आत कोरडा टिपकागद अंथरून गाडी अर्धा तास पाण्यावर, टिपकागद कोरडा निघाला तर पुढे. मग शिशाची लहान बॅटरी, लिथियम शेवटी. मागे नायलॉनची दोरी कायम बांधलेली, गाडी आणायला कुणी पाण्यात उतरायचं नाही. लिंक डेकच्या वर, पाण्याच्या रेघेपासून चार बोटं उंच. आणि आधी तळीच्या मालकाला विचारून यायचं, ते त्याचं काम, माझं नाही.